कमी पडलेली झालर

पुष्कर सरांची नोकरी पक्की करायची की नाही, हे मनीषनगरच्या त्या शाळेत शनिवारी ठरणार होतं, पालकांसमोरच्या पाठावर. विषय चौथीचा, चौरस आणि आयत यांची परिमिती. सर निर्धास्त होते. ही निर्धास्ती त्यांच्या लहानपणीच्या कुहीच्या शाळेतून आलेली होती.

तिथले गुरुजी आयताचं सूत्र दोन गटांत म्हणून घेत. खिडकीकडचे ओरडायचे, लांबी अधिक रुंदी. दाराकडचे ओरडायचे, गुणिले दोन. पुष्कर वर्षभर खिडकीपाशी बसला. आपल्या वाट्याचं सूत्र त्याला झोपेतून उठवलं तरी येई. चौरसाचं सगळा वर्ग मिळून म्हणे, त्यामुळे चौरसात त्याचं कधी अडलं नाही.

शुक्रवारी सरांनी मुलांकडून वर्गातला सूचनाफलक मोजून घेतला. सहा फूट लांब, चार फूट रुंद. भोवती झालर किती लागेल? हिमानीने फळ्यावर वीस लिहिलं. सरांनी ते पुसून दहा लिहिलं, घाई केली की असं होतं म्हणाले, आणि तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. ती हवेत चौकोन काढून काही सांगू पाहत होती. हातवारे नकोत, असंही सरांनी बजावलं.

शनिवारी पालक चौथीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. मुख्याध्यापिका सत्यवती मॅडम मागे उभ्या राहिल्या. मुलांनी मोजून आणलेली दहा फूट झालर लावायला घेतली. वरची बाजू झाली, उजवी झाली, आणि झालर संपली. अर्धीच दाढी करून लग्नाला आलेल्या माणसासारखा फलक सगळ्यांकडे बघत राहिला. दाराकडच्या बाकांवरचं ते ‘गुणिले दोन’ सरांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकू आलं.

तोंडातून मात्र निघालं, "तर मुलांनो, झालर काहून संपली, हाच आजचा प्रश्न."

पालक खूश झाले. कृतीतून शिक्षण म्हणतात ते हेच, असं कुणीतरी म्हणालं. मॅडमची मान डोलली, आणि त्या डोलण्यात नोकरी होती. सर हसले. तेवढ्यात हिमानीचे बाबा, सौरव, उठले.

"काल घरी म्हणे, सर चुकले. मी चांगला रागावलो हिले. सर कधी चुकतात का? माफी माग वं सरांची."

"सॉरी सर," हिमानीने फरशीला सांगितलं.

सरांनी तिला थांबवलं. ती बरोबर होती, मीच चुकलो, मला खरंच दहा वाटलं होतं, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. काय ॲक्टिंग करून राहिले, असं एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले. सरांनी खिडकी-दाराची हकिकतही सांगून टाकली. टाळ्या वाढल्या. मॅडम डोळे पुसेस्तोवर हसल्या. इथे थांबता आलं असतं, नोकरी घेऊन घरी जाता आलं असतं. पण हिमानी अजून फरशीकडेच बघत होती.

सर तिच्या बाकासमोर गेले आणि त्यांनी दोन्ही कान धरले. "तुझं वीस बरोबर होतं. मी पुसलं. मला माफ कर."

टाळ्या एकेक करत विझल्या. मॅडमची मान डोलायची थांबली. सौरव लेकीकडे बघत हळूहळू खाली बसले. कान सोडायचे कधी, हे सरांना काही केल्या सुचेना.

"सर, हात खाली घ्या नं," हिमानी पुटपुटली. "सारे पाहून राहिले."