आईचे पंधरा किलो

बॅग उचलताच तिला कळलं, आत कापड नाही.

वजन तेवढंच होतं. काल संध्याकाळी हुकाच्या काट्याला टांगून पाहिलं तेव्हा साडेचौदा किलो, आताही हाताला साडेचौदाच. पण कापडाचं वजन कुशीत येतं, झोपलेल्या लेकरासारखं सैल पडतं. हे वजन एका कोपऱ्यात धावलं आणि आत काहीतरी खडखडलं. एकतीस वर्षं रुग्णालयाच्या कपडेखोलीत चादरींचे गठ्ठे उचललेले हात ते. काटा चुकला असता, हात चुकत नसत.

तिने कुलपाचे आकडे जुळवले. कुलूप उघडेना.

"माझ्या बॅगेचं कुलूप कुणी बदललं?"

बाहेरच्या खोलीतून मुलगा म्हणाला, "मीच. सगळ्या बॅगांना एकच नंबर ठेवलाय, एक दोन तीन. विमानतळावर शोधाशोध नको."

एक दोन तीन. कुलूप उघडलं. वरच मुलाचे डोंगर चढायचे बूट. त्याखाली सुनेचं केस सरळ करायचं यंत्र, शाम्पूच्या बाटल्या, टॉवेलात गुंडाळलेला स्पीकर, आणि तळाशी दाबून बसवलेला रबरी हंस, फुगवला की नातीला पाठीवर घेऊन समुद्रात तरंगणारा. तिच्या स्वतःच्या कपड्यांतले दोन जोड एका कडेला कोंबलेले होते, तेही घडी मोडून. आणि सहा गठ्ठे नव्हते.

दहा-दहाचे सहा गठ्ठे. साठ फडकी.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिची हातांपर्यंत आली आणि तिथेच थांबली.  

सकाळी ती रुग्णालयात गेली होती, चार महिन्यांच्या रजेआधी कपडेखोलीच्या किल्ल्या बदलीवालीच्या हाती द्यायला. अकराला परतली. तीनला टॅक्सी येणार होती, मग विमान, मग धाकट्या लेकीचं गाव. या लेकीला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी पाठ टेकून पडून राहायला सांगितलं होतं. आधीची दोन राहिली नव्हती. आईने चार महिने तिच्याजवळ राहायचं, आणि गाव समुद्राकाठचं आहे तर मुलगा, सून, नात यांनीही आठ दिवस जाऊन यायचं, असं ठरलं होतं. म्हणून तिचं तिकीट वेगळं, त्या तिघांचं वेगळं. माणशी पंधरा किलो.

धाकटी कधी काही मागणारी नव्हे. थोरला रडून मिळवायचा, ती न रडता सोडून द्यायची. पण तीन महिन्यांपूर्वी फोनवर म्हणाली, "आई, तुमच्याकडच्या त्या चादरी असतात ना, धुऊन धुऊन मऊ झालेल्या? त्यांची फडकी आणशील बाळाला? इथलं सगळं कापड हाताला टोचतं गं." मग लगेच म्हणाली, "जड होणार असेल तर राहू दे हं."

कसं राहू द्यायचं? रुग्णालयाची चादर मधोमध विरते, जिथे माणसाची पाठ घासते तिथे. मग तिच्यावर 'बाद' असा शिक्का बसतो. पण उशापायथ्याचं कापड चांगलं असतं, शेकडो धुण्यांनी सायीसारखं झालेलं. वरिष्ठ बाईंना विचारून, वहीत सही करून तिने बाद चादरी घरी आणल्या. विरलेलं कापून टाकलं. उरलेल्याची फडकी केली, प्रत्येकाची कड चारही बाजूंनी हाताने दुमडून शिवली, पुन्हा उकळली, उन्हात घातली. शिवताना ओठांवर काहीतरी येत राहायचं, कपडेखोलीत बायका एकमेकींना ऐकवतात तसलं:

घडीवर घडी घालू, कड बाहेर ठेवू गं
बाळ कुणाचं का येईना, ऊब आधी धाडू गं

तीन महिन्यांत साठ झाली होती.

ती बाहेरच्या खोलीत आली. सून तिकिटांचे कागद पाकिटात घालत होती. नात, जिला घरात सगळे भिंगरी म्हणत, पोहण्याचा चष्मा लावून भिंतीला आपटत फिरत होती.

"माझी फडकी कुठे आहेत?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "मी म्हटलं होतं यांना, आईंना आधी विचारा म्हणून."

"आई, बस जरा," मुलगा म्हणाला. "आमच्या तिन्ही बॅगा पंचेचाळीसच्या वर जात होत्या. तुझ्या बॅगेत म्हटलं बघू काय आहे, तर अकरा किलो जुन्या चादरी. शिक्के मारलेल्या. बाळाला आजकाल असलं कुणी वापरतं का? तिथे दुकानात सगळं मिळतं. मी घेऊन देईन की तिला."

"कुठे आहेत, ते विचारलं मी."

"दिली."

"कुणाला?"

"जिना पुसायला येते ना ती. तिला चिंध्या लागतातच."

 मग आजी आत गेली. बॅग घेऊन आली आणि सगळ्यांच्या मध्ये जमिनीवर उलटी केली. बूट एकीकडे उडाले, बाटल्या घरंगळल्या, हंस फसकन पसरला.

"आई, अगं काय करतेस?"

"तुमचं तुम्हाला देतेय. आयत्या बिळावर नागोबा बसतो, पण निदान बीळ मुंगीचं असतं. तू तर आईच्या पेटीत शिरलास."

"पेटीत शिरलास काय? घरचंच सामान आहे. तुला काय लागतं गं, दोन जोड कपडे आणि गोळ्यांची डबी."

"हे कुणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? नेहमीच तर..."

"नेहमीच," ती म्हणाली. "नेहमीच आईला काही लागत नाही. बसमध्ये आईला खिडकी लागत नाही. ताटात आईला शेवटचं काही लागत नाही. आता विमानवाल्यांनी प्रत्येकाला मोजून पंधरा किलो दिले, त्यात माझंही नाव घातलं, तर तेही मला लागत नाहीत. होय ना?"

सून हळूच म्हणाली, "आई, चुकलं आमचं. पण आता टॅक्सी..."

"तू गप्प बस गं. केस सरळ करायचं यंत्र तुझंच आहे ना? कुठल्या तोंडाने चुकलं म्हणतेस."  सासूने असा आवाज बारा वर्षांत काढला नव्हता. ती मुलाकडे वळली. "तुझी बहीण झाली ना, तेव्हा माझ्याजवळ एक फडकं नव्हतं. दवाखान्याच्या चादरीत गुंडाळली होती तिला. घरी निघताना दारात बाई म्हणाली, चादर मोजून परत द्यायची. उलगडून घेतली तिने. थंडीचे दिवस होते. तुझ्या बापाने अंगातला सदरा काढून दिला, त्यात आणली तिला घरी, आणि तो बनियनवर चालत आला. पुढे मी त्याच दवाखान्याच्या कपडेखोलीत कामाला लागले. पण बाळ गुंडाळलेली चादर दारात मी एकदाही परत मागितली नाही. एक कमी भरली की फाटली म्हणून लिहायचे. बोलणीही खाल्ली त्यापायी. आणि तू घरात बसून माझ्या नातवंडाची फडकी जिना पुसायला दिलीस."

"मला काय माहीत हे सगळं? कधी सांगितलंस?"

"विचारल्याशिवाय दुसऱ्याची बॅग उघडू नये, एवढं तरी माहीत असायला हवं होतं तुला."

तिने चपला घातल्या.

जिनेवाली शेजारच्या इमारतीत होती, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, बादलीशेजारी गुडघे टेकून. तिच्या हातातलं ओलं फडकं लांबूनच ओळखू आलं. कडेची शिलाई काळ्या पाण्यातही सरळ दिसत होती.

तिने वर पाहिलं. "काय झालं ताई? चेहरा असा का?"

"हे फडकं माझं आहे."

"तुमच्या साहेबांनी दिलं. गठ्ठेच्या गठ्ठे दिले. मी म्हटलंही, एवढं चांगलं कापड देताय? तर म्हणाले, घेऊन जा, जुनंच आहे." ती फडकं पिळून उभी राहिली. "परत पाहिजेत का?"

"मुलाने ती द्यायला नको होती. माझ्या लेकीच्या बाळासाठी शिवली होती."

जिनेवालीने हात परकराला पुसले. जिन्याखालच्या कोनाड्यात तिची पिशवी होती. तिने ती ओढून काढली आणि तोंड उघडून दाखवलं. पाच गठ्ठे जसेच्या तसे होते, दुमड बाहेर ठेवून, बोटाने मोजता येतील असे. सहाव्यातली काही सुटी होती.

"चारच वापरली," ती म्हणाली. "देवाशपथ चारच. बाकीची घरी न्यायला ठेवली होती. माझ्या सुनेला आठवा लागलाय. हाताला लागलं आणि मनात आलं, असं कापड पुसायला वापरणारी मी कोण? पण न्या तुम्ही. तुमचा हात फिरलाय त्यावर."

 खाली कुणीतरी दार आपटलं. मघापासून हातात थांबलेला राग या बाईवर काढता येत नव्हता, आणि म्हणून तो जास्तच जड झाला होता.

तिने पिशवीत हात घातला. तीन गठ्ठे काढून छातीशी धरले. मग थांबली.

"बाकीची उकळून घे," ती म्हणाली. "सोडा घालून. आणि उन्हातच वाळव, सावलीत नको."

"ताई, अहो तुमच्या लेकीला..."

"तिला तीसमध्ये भागवते मी. रोज धुवावी लागतील, एवढंच."

जिनेवालीने हातातलं काळं फडकं बादलीत टाकलं नाही. पिळून, झटकून कठड्यावर पसरलं.

घरी येऊन तिने बॅग भरली. तीन गठ्ठे तळाशी, कपाटातून परत काढलेले स्वतःचे कपडे वर, गोळ्यांची डबी कडेला. त्यावर शाल ठेवली. बॅग अर्धीही भरली नाही. मुलगा दारात येऊन उभा राहिला.

"मिळाली?"

तिने बॅगेची चेन ओढून लावली.

"आई, जागा आहे तर ते बूट तरी... नाहीतर आमच्या बॅगा फार वर जातायत. तिथे काउंटरवर सगळं काढायला लावतात, लोकांसमोर."

"बूट पायात घाल. जाकीट अंगात घाल. मोजे बुटात जातात, यंत्र टॉवेलात जातं. चादरींच्या गाड्या भरल्यात मी, कसं भरायचं ते मला सांगू नकोस. जे मावत नाही ते घरी राहतं."

तिने त्यांचे कपडे जमिनीवर बसून पुन्हा घडी घालून दिले. राग घड्यांत जात होता, एकेक घडी विटेसारखी कडक बसत होती. सून शेजारी बसून तशीच घडी घालायचा प्रयत्न करत राहिली. पण हंस त्यांनी घेतला, बाटल्याही घेतल्या, आणि स्पीकर मुलाने आपल्या बॅगेत कधी सरकवला ते तिने पाहूनही पाहिलं नाही.

विमानतळावर रांग लांब होती. मुलगा जाकीट आणि बूट घालून घामाने निथळत उभा होता. भिंगरीने विचारलं, "बाबा, आपण डोंगरावर चाललोय का?" मागच्या बाईला हसू आवरलं नाही.

काउंटरवरच्या मुलीने आधी त्या तिघांच्या बॅगा पट्ट्यावर घेतल्या. आकडे बघून मान हलवली. "एकावन्न होतायत. सहा किलो काढावे लागतील."

"थोडंसं चालवून घ्या ना."

"नाही चालत, सर."

मग तिने आजीची बॅग घेतली. काट्यावर नऊ आले. मुलीचा चेहरा मोकळा झाला. मुलाचाही. त्याने वाकून आपल्या बॅगेची चेन उघडायलाही घेतली.

"यांचं तिकीट वेगळं आहे," मुलगी म्हणाली, "पण यांच्या बॅगेत सहा किलोंची जागा आहे. त्यांची हरकत नसेल तर त्यात घाला." आणि ती तिच्याकडे वळली. "आजी, यांचं थोडं सामान तुमच्या बॅगेत ठेवलं तर चालेल का?"

रांग थांबली होती. मुलगा गुडघ्यावर बसून वर बघत होता, एका हातात शाम्पूची बाटली. सून जमिनीकडे बघत होती. आजीने त्या अनोळखी मुलीकडे नीट पाहिलं. वीस-बावीसची असेल. गणवेशाची बाही मनगटाशी उसवली होती.

"विचारलंस ते बरं केलंस, बाळ," ती म्हणाली. "नाही चालणार."

"आई," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. "सगळे बघतायत."

"बघू देत."

मुलीने एकदा दोघांकडे पाहिलं. मग बॅगेच्या मुठीला कागदी पट्टी गुंडाळली, धाकटीच्या गावाचं नाव असलेली, आणि बटण दाबलं. पट्टा सुरू झाला. एकतीस वर्षांत तिने कुठलाच गठ्ठा पोकळ बांधला नव्हता. बॅग पट्ट्याच्या सांध्यावर उडाली, आतले गठ्ठे सरकून एका बाजूला गेल्याचं तिला नुसतं बघून कळलं, आणि मग ती कलंडत, सावरत, काळ्या पट्ट्यांच्या पडद्याआड गेली.