पंपाला मदत

१८ जानेवारी २०२६, रविवार. सकाळपासून दाट धुकं, ऊन नाही, वाऱ्याला धार.

मी जमिनीतली ऊब वर आणणारा पंप बोलतोय. गुरुग्रामच्या एका सोसायटीत, क्लबहाउसच्या तळघरात माझा मुक्काम.

कारखान्यातून इथे आलो तेव्हा अंगणात खोल बोअर मारून तयार होते. त्यांत पाइप सोडले, पाणी भरलं आणि टोकं मला जोडली. वर उन्हाळ्याची लू वाहो की थंडी पडो, खोलवरची जमीन बारा महिने एकसारखी असते. हिवाळ्यात तिची ऊब मी वरच्या हॉलमध्ये नेतो, उन्हाळ्यात हॉलची उष्णता तिच्या पोटात सोडतो. वीज थोडीच लागते. आवाज जवळजवळ नाहीच.

तोच माझा दोष ठरला. इथल्या माणसांना लाल तापलेली सळई दिसल्याशिवाय ऊब वाटतच नाही. कमिटीशी वाद घालून मला बसवलं ते मृणालने, ती वास्तुरचनाकार. सेक्रेटरी भाऊसाहेब फौजेतून निवृत्त झालेले. ते तिला दिसेल तिथे विचारायचे, "काय मृणालताई, पंप ड्यूटीवर आहे की रजेवर?" शेवटी त्यांनी ठराव मांडला : हळदीकुंकवाला बायका कुडकुडल्या, तर पंप काढून गरम-थंड दोन्ही करणारे एसी बसवायचे.

ते हळदीकुंकू आज होतं. हॉल भरला, मी जोमात होतो. एकाएकी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने कळवलं, हॉल तापलाय, थांब. मी थांबलो.

थोड्या वेळाने वरून आवाज आला, "अगं, बिल्कुल गार पडलंय इथे." उतरलेल्या शाली पुन्हा खांद्यांवर गेल्या. तिळगुळाचं ताट तसंच हातात धरून मृणाल थर्मोस्टॅटपाशी आली. आकडा एकोणतीस. तिने खाली वाकून पाहिलं.

"भाऊसाहेब, हा हीटर इथे कुणी लावला?"

"मीच. म्हटलं, एकटा पंप कुठवर पुरणार? जरा मदत."

"अहो, थर्मोस्टॅटच्या नाकाखाली शेगडी धरलीत. त्याला वाटलं, सगळा हॉल तापला."

त्यांच्या पत्नी विजयमालाकाकूंनी प्लग उपसला. "फौजेतही अशीच मदत करायचात का हो?"

सगळा हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने भाऊसाहेब. थर्मोस्टॅट निवला आणि मी आनंदाने कामाला लागलो.

मंडळी, माझं मागणं फार नाही. ऐकू येत नाही म्हणून मला बंद समजू नका. दारं-खिडक्या तेवढ्या लावून घ्या.

उखाणे संपले तेव्हा हॉल बावीस अंशांवर होता. शाली खुर्च्यांच्या पाठीवर होत्या. भाऊसाहेबांनी एसींचा ठराव मागे घेतला.