डाव्या बाजूचा शॉकअप

मी मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा डावा शॉकअप बोलतोय. उजवीकडे माझा जोडीदार आहे. आम्ही एकाच खोक्यातून निघालो, पण मध्ये चाक असल्यामुळे त्याचं तोंड मला कधी दिसत नाही. बोलायचं तर तुमच्याशीच.

एक्क्याण्णव साली जळगावला, नेरी नाक्याजवळच्या गॅरेजात, इसाक मिस्त्रीनं आम्हाला रुपचंदभाऊंच्या गाडीला बसवलं. भाऊ असोद्याचे, केळीवाले. त्यांचे जुने शॉकअप पार कामातून गेले होते. तेल गळून कोरडे पडलेले. खड्डा आला की धक्का थेट मागे बसणाऱ्याच्या कंबरेत. भाऊंच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, किती वेळा सांगितलं की हे बदला. भाऊ म्हणायचे, केळी निघाली की बदलू. केळी निघत राहिली. मग सुरतेला मुलाच्या घरी नातू झाला आणि बाई त्याला सांभाळायला निघाल्या. भाऊ दारात गाडी घेऊन उभे असताना बाई एसटीनं स्टेशनला गेल्या.

जाताना एवढंच म्हणाल्या, "नवे शॉकअप बसवा, मंग बसते. माही कंबर काई लोखंडाची नही."

हे भाऊंनी इसाकला जसंच्या तसं सांगितलं. आमच्या अंगावर एक खाचांचं कडं असतं, ते फिरवलं की स्प्रिंग नरम नाहीतर कडक होते. इसाकनं पाना हातात घेऊन विचारलं, एकट्यापुरतं ठेवू की डबलसीट?

"डबलसीट," भाऊ म्हणाले. "येतेच आता ती."

झाली माझी पंचाईत. दोघांसाठी कडक केलेली स्प्रिंग एकट्याच्या वजनाला कुठली दबते? भाऊ एकटे निघाले की गाडी नुसती उडायची आणि आता त्यांचीच कंबर धरायची. इसाक दर वेळी म्हणायचा, नरम करून देतो. भाऊ दर वेळी नको म्हणायचे. माणसं स्वतःला असा त्रास का करून घेतात, मला कळत नाही. पण खरं सांगतो, मीही वाट बघत होतो. बायका दोन्ही पाय डावीकडे सोडून बसतात. तो भार माझ्या वाट्याचा होता, आणि तो नव्हता म्हणून मला फार एकटं वाटायचं.

दिवाळीनंतर बाई आल्या. भाऊंनी सकाळी गाडी धुतली, मलासुद्धा चिंधीनं पुसलं. सुरतेच्या पॅसेंजरमधून बाई एकच पिशवी घेऊन उतरल्या आणि मागे बसल्या. मी दबलो. पुरता, नीट दबलो. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. रेल्वे गेटाजवळचे खड्डे आले तर भाऊ मान मागे वळवून विचारतात, कंबर? बाई म्हणाल्या, काहीच नाही वाटलं.

गाव दिसायला लागलं तेव्हा त्या हळूच बोलल्या. "मी परवा परत जाते. पोरगं माह्याशिवाय झोपत नही. तुमीच चाला तिकडे."

"आन केळी?" भाऊ म्हणाले.

बाईंनी मांडीवरची पिशवी सावरून घेतली.

दोन दिवसांनी बाईंना स्टेशनवर सोडून येताना भाऊ नाक्यावर हवा भरायला थांबले. इसाक सवयीनं म्हणाला, नरम करून देऊ का? भाऊंनी मागच्या रिकाम्या सीटवर हात ठेवला.

"कर," ते म्हणाले.

त्याला आता काही वर्षं झाली. गाडी उडत नाही, भाऊंची कंबरही दुखत नाही. माझ्या नळीवर गंज चढलाय. बाई सुरतेलाच आहेत.

माझं एक ऐका. कधी असोद्याच्या रस्त्यानं पायी निघालात आणि मागून एक म्हातारे भाऊ मोटारसायकलवर येताना दिसले, तर हात दाखवा. ते आपणहून कुणाला बसा म्हणणार नाहीत, पण थांबतील. बसा मागे. गावापर्यंत काहीतरी बोला त्यांच्याशी.