निळ्या उजेडाचा शेवटचा थेंब

मी एक जुना थेंब आहे. पाण्याचा नव्हे, मित्रांनो, जेलीफिशच्या अंगातल्या प्रथिनाचा. माझ्यातला प्रत्येक रेणू झाकणबंद डबीसारखा दुमडलेला असतो. आत उजेडाचे सामान तयार, बाहेर कॅल्शियम धरायला तीन जागा. कॅल्शियम चिकटले की डबीचा आकार बदलतो आणि निळा उजेड पडतो. तोही एकदाच. समुद्रात शेजारचे दुसरे प्रथिन आमचा उजेड घेऊन हिरवा करायचे आणि कौतुक मात्र त्याचेच व्हायचे. असो.

पुढे माझी रवानगी प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये झाली. आम्ही चार थेंब, चार कुप्यांत. हृदयाच्या अशक्त पेशींना एक औषध लागू पडते का, हे तिथल्या संशोधक ताईंना आमच्या उजेडावरून पाहायचे होते. पेशीचा ठोका जितका जोरकस, तितके तिच्यात कॅल्शियम जास्त आणि तितका आमचा उजेड जास्त. त्यांची तीन वर्षांची मेहनत आमच्यावर अवलंबून होती, कारण त्या वर्षी जेलीफिश किनाऱ्याकडे फिरकलेच नव्हते.

काचसामान धुणाऱ्या मावशी नव्या होत्या. ताई त्यांना म्हणाल्या, "नळ्या साध्या पाण्याने विसळून ठेवा." ताईंच्या तोंडी साधे पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित, ज्यात काहीच नाही असे. मावशींनी सरळ नळ सोडला. नळाच्या पाण्यात कॅल्शियम असते, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? ताईंनी माझ्या तीन भावांना एकदमच त्या ओल्या नळ्यांत सोडले. लखकन निळे होऊन तिघेही विझले.

"साधं म्हणजे नळाचंच ना हो, ताई?" पाणी कुठले वापरले असे ताईंनी विचारताच मावशी म्हणाल्या. "माझी नोकरी जाईल का?"

ताईंनी विझलेल्या नळ्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, "नाही, मावशी. मीच अर्धवट बोलले. आता शेवटची नळी आपण दोघी मिळून धुऊ."

दोघींनी ती ऊर्ध्वपातित पाण्याने पाच वेळा विसळली. ताईंनी मला त्या नळीतून पेशींमध्ये सोडले, खोलीत अंधार केला. माझा उजेड मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ जेमतेम हलत होती. औषध पडले आणि प्रत्येक ठोक्याला मी थोडा थोडा उजळत गेलो, रेघ उंच उंच जाऊ लागली. मावशींनी ताईंचा हात घट्ट धरला होता.

आज माझ्यात उजेड उरलेला नाही, पण मी समाधानी आहे. मित्रांनो, नव्या माणसाला काम सांगितलेत, की त्याला काय समजले ते विचारत जा. तेवढे विचारायला कितीसा वेळ लागतो? माझ्या तिघा भावांचा उजेड मात्र कुणाच्याच कामी आला नाही.