झाडाचे आभार मानायचे नसतात

एव्हिस लीड्सहून लग्न होऊन यॉर्कशरच्या डोंगरातल्या त्या खेड्यात आली, तेव्हा तिला बागेतलं ओ का ठो कळत नव्हतं. ऑगस्टमध्ये शेजारच्या वॉल्टरच्या दगडी भिंतीपलीकडे लाल-पिवळ्या मशाली पेटलेल्या दिसल्या आणि पोर खुळावलीच. सदा ढगाळ, करड्या गावात असलं भडक फूल! रेड हॉट पोकर त्याचं नाव. दिसायलाही निखाऱ्यातून नुकत्याच ओढलेल्या सळईसारखं.

थंडी सरल्यावर वॉल्टरनं पोकरचा गड्डा फोडला आणि त्यातला एक तुकडा भिंतीवरून तिच्या हातात दिला. शहरी वळणाची ती, पटकन म्हणाली, "थँक्यू हं!"

वॉल्टरनं तुकडा हिसकावूनच घेतला. "झालं! मारलंस ना त्याला! अगं बये, झाडाचे आभार मानले की ते जगत नाही. लीड्समध्ये एवढंही शिकवलं नाही कुणी?"

"मग आता?"

"आता काही देत नाही मी." त्यानं तुकडा भिंतीवर ठेवला, पाठ फिरवली आणि आभाळाकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "चोरीचं झाड मात्र हमखास लागतं म्हणतात बुवा."

एव्हिसनं तो चोरला. आणि काय माजला म्हणता! पुढं दर ऑगस्टला दोन्ही बागांत मशाली पेटायच्या, आणि कुणाची उंच यावरून भिंतीवर कोपरं टेकून दोघं भांडायची.

हिवाळ्याच्या तोंडावर पोकरची पानं वर गोळा करून अंबाड्यासारखी बांधायची, म्हणजे गाभ्यात पाणी साचून तो कुजत नाही, हेही वॉल्टरनंच शिकवलं. तिचा नवरा डेनिस गेला त्या नोव्हेंबरात तिला कसलंच भान नव्हतं. एका सकाळी पडदा सारला, तर पोकरची पानं नीट बांधलेली आणि दाराशी फोडलेली लाकडं रचलेली. वॉल्टरनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनंही नाही. आभार मानायचे नाहीत हे इतकं अंगवळणी पडलं होतं की झाडाबरोबर माणसाचेही राहून गेले.

आणि आता वॉल्टर गाव सोडून चालला होता. नव्वदीला टेकलेला, कंबर वाकेना. पानं बांधायची राहिली म्हणून त्याचा पोकरही गेल्या हिवाळ्यात कुजला होता. मुलगी त्याला हॅरोगेटला आपल्या घरी न्यायला आली होती. एव्हिसच्या जिवाला एकच घोर लागला होता: आज बोलले नाही, तर आता कधीच नाही.

सकाळीच तिनं आपला गड्डा फोडला, त्यातला जोमदार तुकडा कुंडीत बसवला आणि कुंडी भिंतीवर ठेवली. वॉल्टर काठी टेकत आला, तशी तिनं पाठ फिरवली.

"हवा छान पडलीय, नाही?" ती आभाळाकडे बघत म्हणाली.

मागं दगडावर कुंडी घासल्याचा आवाज झाला. "चोर सुटलेत गावात, पोरी. दारं लावून घेत जा," वॉल्टर म्हणाला. सत्तरीच्या म्हातारीला पोरी म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

गाडी सुरू झाली आणि एव्हिसला राहवेना. ती लगबगीनं फाटकापाशी गेली. वॉल्टरनं काच खाली केली.

"वॉल्टर, डेनिस गेला तेव्हा तुम्ही... मला एकदा तरी म्हणू दे..."

"गप!" त्यानं ओठांवर बोट ठेवलं. डोळे डबडबले होते त्याचे. "झाड मांडीवर आहे माझ्या."

तिनं शब्द गिळला. गाडी वळणाआड गेली.

एव्हिस मग घरी वळली नाही. सरळ चालत नदीवरच्या पुलापर्यंत गेली. तिथून तिची बाग दिसत नव्हती, आणि पाण्याच्या खळखळाटात बागेला काही ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. तरी तिनं एकदा मागं वळून खात्री केली. मग रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून, रडत रडत, लाकडांपासून सुरुवात करून तिनं एकेका गोष्टीबद्दल मोठ्यानं थँक्यू म्हटलं.