तीन चांदण्यांच्या ओळी

'चिसोमो' जहाज चार महिने गोदीच्या उतारावर चढवलेलं होतं, आणि मलावी सरोवराचं पाणी रोज थोडं थोडं मागे सरत होतं. आठवड्याभरात ते पाण्यात उतरलं नाही, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरड्यावरच बसणार होतं. मग उत्तरेच्या गावांना मका आणि मीठ कोण नेणार?

सोमवारी सकाळी गोदीचे साहेब गोंडवे यांनी मुकादमांना विचारलं, "काम किती उरलंय?"

"थोडंसं," सुतार म्हणाला.

"बरंच," रंगारी म्हणाला. पाइपवाला नुसताच हसला.

"म्हणजे कुणालाच पत्ता नाही. उतरवणं रद्द. दुपारी मालकांना तसं पत्र जाईल."

नोंदी ठेवणारी तवोंगा दाराशी उभी होती. कामांची यादी तिचीच. संगणकावर साध्या मजकुराची एकच फाइल, दोन हजारांवर ओळी. ओळीच्या सुरुवातीला चांदणीची खूण (*): विभागाला एक, त्याखालच्या कप्प्याला दोन, प्रत्यक्ष कामाला तीन. प्रत्येक ओळीपुढे 'झालं' किंवा 'बाकी', आणि काम अडलं असेल तर कशापायी, तेही.

"साहेब, तासभर द्या मला."

"तासाभरात दोन हजार ओळी वाचणार?" मुख्य मुकादम न्यिरोंगो हसले. "पोरीचे डोळे आहेत की घारीचे?"

"मी कशाला वाचू, काका? मशीन वाचेल."

तिने संगणकावर हुकूम द्यायचा काळा पडदा उघडला आणि हुकूम टाइप केला. शब्द शोधणाऱ्या 'ग्रेप' या आज्ञेने 'बाकी'च्या ओळी वेगळ्या काढल्या, 'ऑक' या दुसऱ्या आज्ञेने मोजल्या. एकशे बारा.

"साफ खोटं!" न्यिरोंगो तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. "इंजिनखोली परवाच संपवली आम्ही. ती कशी यात?"

तवोंगाचे कान तापले. तिने ओळी नीट पाहिल्या. खालची कामं संपली होती, पण वरच्या मथळ्यांपुढचं 'बाकी' कुणी बदललंच नव्हतं, आणि मशीनने मथळेही कामांत धरले होते. "चूक माझी, काका," ती म्हणाली, आणि फक्त तीन चांदण्यांच्या ओळी मोजायला लावल्या.

एक्केचाळीस.

आता तिने त्याच ओळी कारणांनुसार मोजल्या आणि मोठा आकडा वर येईल अशा लावल्या. पहिलीच ओळ आली: चौतीस कामं, अडली तीन नंबरच्या टाकीच्या दाबचाचणीपायी.

गोंडवे खुर्चीतून उठले. "रंगारी, सुतार, पाइपवाले, सगळे एकाच टाकीसाठी थांबलेत? आणि ती चाचणी का अडलीय?"

तवोंगाने ती ओळ शोधली. "पंप मिळत नाही, असं लिहिलंय."

"पंप?" न्यिरोंगोंनी कपाळावर हात मारला. "अरे, तो माझ्याच शेडमध्ये पडलाय! मला वाटलं, कुणाला नकोच आहे."

असा हशा उसळला की बाहेरचे वेल्डर आत डोकावले. न्यिरोंगो स्वतः हातगाडी घेऊन पळाले. दुपारी टाकीत हवा भरली. दाबाचा काटा चढला, आणि तासभर जागचा हलला नाही; टाकी कुठेच गळत नव्हती. दाराशी आपापली अवजारं घेऊन तिन्ही टोळ्या खोळंबल्याच होत्या.

शुक्रवारी जहाज तयार झालं. सारं गाव काठावर लोटलं. जहाज अडवून धरणारी शेवटची पाचर उडवायचा मान मुख्य मुकादमाचा. न्यिरोंगोंनी घण उचलला, आणि तवोंगापुढे धरला.

"मार, बाई. चार महिने आम्ही घाम गाळला, पण वाट तू दाखवलीस."

घण जड होता. पहिला घाव हुकला, दुसऱ्याने पाचर उडाली. 'चिसोमो' कुरकुरलं, सरकलं, आणि एवढं पाणी उसळवत सरोवरात शिरलं की पुढच्या रांगा चिंब झाल्या. बायांनी जिभा हलवून आनंदाची आरोळी ठोकली, भोंगा वाजला, आणि कधी चढ्या आवाजात न बोललेली तवोंगा घसा बसेपर्यंत ओरडत राहिली.