सत्तर-दोनशेची लेन्स

स्टेजच्या डाव्या पायरीवर एक गुडघा टेकवून भागवतनं सत्तर-दोनशेची लांब लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, फिरवली, आणि ती खटकन बसल्यावरही हातानं एकदा ओढून बघितली. मंडपातल्या सनईच्या गोंगाटात तो खटका दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नसता. भागवतला मात्र तो ऐकल्याशिवाय काम सुरू झाल्यासारखं वाटत नसे.

"दादा, एवढं ओझं उचलून एक दिवस मान आखडून बसाल," स्टेजवरून अनय हसत म्हणाला. त्याच्या हातातला नवा कॅमेरा शाळकरी पोराच्या डब्याएवढा होता.

"आखडली तर माझी आखडंल," भागवत म्हणाला. तो हसला नाही.

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर दोघांचा भागीचा स्टुडिओ. अनय लातूरच्या मास्तरांचा मुलगा, कॉलेज सोडून भागवतच्या हाताखाली कॅमेरा शिकला आणि पुढं बरोबरीचा भागीदार झाला. इतकी वर्षं दोघांचं छान चाललं होतं. मग दिवाळीच्या सुमारास बातमी आली, की कॅमेऱ्याची कंपनी आता जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांसाठी नवी लेन्स काढणार नाही. जे काही निघेल ते नव्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी. तेव्हापासून स्टुडिओतला चहा कधी गोड लागला नाही. अनयचं म्हणणं, कंपनीनंच हात वर केल्यावर आपण जुनं कवटाळून काय करणार. आज लेन्सना गिऱ्हाईक आहे, उद्या भंगारवालाही विचारणार नाही. भागवतचं म्हणणं, कंपनीनं कुलूप बदललं म्हणून आपण घर बदलायचं का? मध्ये अ‍ॅडॉप्टरची कडी लावून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते, हे अनयनं त्याला दोनदा करून दाखवलं. भागवतनं ते दोन्ही वेळा बघितलं आणि दोन्ही वेळा चहा सांगायला खाली गेला.

खरं सांगायचं तर त्याला लेन्सची एवढी काळजी नव्हती. भीती स्वतःची होती. हलत्या माणसाच्या डोळ्यावर नेमका फोकस धरावा तर भागवतनं, असं उदगीरपासून नांदेडपर्यंतचे फोटोग्राफर म्हणत. नवा कॅमेरा डोळा आपोआप शोधायचा. घोड्यावरच्या नवरदेवाचा, मुंडावळ्यांच्या आडचा, कसलाही. मग भागीदारीत भागवतनं आणायचं ते काय? हे तो अनयला कधीच बोलला नाही. बोलला असता तर पोरानं मिठी मारली असती, आणि तेच त्याला नको होतं.

हैदराबादच्या एका दुकानदारानं हा कॅमेरा अनयला वापरून बघायला दिला होता आणि त्याच्या किमतीपोटी तोच भागवतच्या सगळ्या लेन्स घ्यायला तयार होता. आज त्याला उत्तर कळवायचं होतं. सकाळी अहमदपूरहून नांदेडला येताना गाडीतच दोघांचं ठरलं. अनय म्हणाला, आजच्या लग्नात माझा कॅमेरा कुठंही कमी पडला तर परत करतो आणि पुन्हा हा विषय काढत नाही. नाही पडला, तर संध्याकाळी लेन्स हैदराबादला. भागवतनं मोठ्या रुबाबात हो म्हटलं. मग हळदीचे आणि देवकाचे फोटो अनयनं दाखवले आणि त्याचा रुबाब तिथंच उतरला. काय फोटो होते! फ्लॅश न मारता, अंधाऱ्या खोलीत, एका खिडकीच्या उजेडात, नवरीच्या गालावरची हळद ओली दिसत होती.

मुहूर्ताच्या थोडं आधी नवरीची आई, सौदामिनीबाई, दोघांना शोधत आल्या होत्या. नांदेडच्या कॉलेजात त्या फिजिक्स शिकवत. त्यांच्या घरी मुलीच्या आईनं मंगलाष्टकं बघायची नसत. आत तुळशीपाशी बसून राहायचं. हे आपल्याला पटत नाही असं त्या स्वतःच म्हणाल्या, आणि एकुलत्या एक मुलीच्या लग्नात ते मोडून बघायची छातीही होत नाही, असंही म्हणाल्या.

"अंतरपाट निघाल्यावर उर्वीचा चेहरा कसा होतो, ते सगळा हॉल बघेल, मी सोडून. तेवढा एक फोटो नीट काढा."

"काकू, तो माझ्याकडं लागला," अनयनं सांगितलं. नवरदेवाच्या मागं, नवरीच्या अगदी समोर उभं राहायचं काम त्याचंच होतं. भागवतच्या पायरीवरून नवरीचे मामा दिसत, अक्षतांनी भरलेल्या मुठी दिसत. नवरी मात्र दिसत नसे, मध्ये नवरदेवाची पाठ आणि अनय.

मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींचं एक झालं, मग पाहुण्यांतल्या हौशी गळ्यांना ऊत आला. मोबाईल उंचावून नातेवाईक स्टेजवर दाटले आणि अनयच्या पुढ्यात माणसांची भिंत झाली. त्यानं दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्याच्या वर धरला आणि अंतरपाटाच्या वरून अंदाजानं नवरीचे फोटो घ्यायला सुरुवात केली. नजर समोरच्या गर्दीवर. कॅमेऱ्याची पाठ, म्हणजे त्याचा पडदा, पायरीवरच्या भागवतकडं.

भागवतनं सवयीनं लेन्स तिकडं वळवली. डोळा लावला, फोकस धरला. अनयनं काढलेला फोटो पडद्यावर क्षणभर थांबत होता आणि पुसला जात होता. त्या फोटोवर पट्टे होते. काळसर, आडवे, नऊवारीच्या काठासारखे रुंद पट्टे, नवरीच्या कपाळावर एक आणि ओठांवर एक.

त्याला सगळं एका दमात कळलं. काल नायगावला शास्त्रीय गाण्याची बैठक होती आणि आयोजकांनी कॅमेऱ्याची खटखट नको म्हणून बजावलं होतं. अनयनं कॅमेरा सायलेंटवर टाकला होता. 'मुका झाला की रे तुझा गडी,' असं भागवतच त्याला म्हणाला होता. तो तसाच मुका राहिला होता. आणि सायलेंटवर असताना असल्या एलईडी दिव्यांखाली पट्टे येतात, डोळ्याला न दिसणारी दिव्याची फडफड त्यात उमटते, हे भागवतला कुणी समजावलं होतं? अनयनंच, नव्या कॅमेऱ्याचे गुणदोष प्रामाणिकपणे सांगताना. हळद तर खिडकीच्या उजेडात झाली होती, तिथं काही बिघडलं नव्हतं. बिघडत होतं ते आत्ता.

तीन पायऱ्या चढायच्या, खांद्यावर हात ठेवायचा, एक शब्द बोलायचा. बस, एवढंच काम होतं.

भागवतनं कॅमेरा खाली घेतला आणि तो तिथंच उभा राहिला. कमी पडला तर परत करतो, असं पोरगं स्वतःच्या तोंडानं म्हणालं होतं. आपण काही केलं नाही, आपण कशाला हात लावला नाही. आणखी एक अष्टक होऊ दे, त्यानं मनाशी ठरवलं, दहापाच फोटो वाया गेले तर कुणाचं काही जात नाही, आणि अंतरपाट निघायच्या आत सांगायचंच आहे. नवरीच्या आईचं काम बिघडवायचं त्याच्या मनात नव्हतं, खरंच नव्हतं. त्याला फक्त थोडेसे पट्टे हवे होते.

एक अष्टक झालं. माईक नवरदेवाच्या आत्याकडं गेला आणि तिनं लांबण लावली. अजून दोन तरी होतील, भागवतनं हिशोब केला. पण मुहूर्त टळत चालला होता आणि गुरुजींचा धीर सुटला. आत्याबाईंचा सूर लागतो न लागतो तोच त्यांनी माईक ओढून घेतला आणि मधलं सगळं गाळून थेट शेवटचं धरलं. भागवतनं वरच्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीला 'सावधान' झालं. अंतरपाट खाली आला, बँड फुटला, अक्षता डोळ्यांत जाऊ लागल्या आणि समोर अनय गर्दीतून पुढं घुसून, कॅमेऱ्याला डोळा लावून, श्वास रोखून, एकामागून एक फोटो घेत होता.

भागवत त्याच्यापाशी पोचला तेव्हा नवरी हार हातात घेत होती.

"अनय, सायलेंटवर हाय का बघ जरा."

अनयनं पडदा बघितला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. त्यानं अंगठ्यानं काहीतरी भराभर बदललं आणि कॅमेरा पुन्हा खटखट बोलू लागला. हाराचे फोटो घेऊन झाल्यावर गर्दीतच त्यानं भागवतचा दंड धरला.

"बरं झालं दादा, तुम्ही बघितलंत. नाहीतर हारही गेले असते."

भागवतनं दंड सोडवून घेतला आणि लेन्स पुसत बसला. लेन्सवर पुसण्यासारखं काही नव्हतं.

जेवणाच्या पंगती सुरू झाल्यावर दोघं हॉलच्या मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. कार्यालय सोडण्यापूर्वी सगळे फोटो लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे, हा स्टुडिओचा नियम भागवतनंच घालून दिला होता. सौदामिनीबाई आल्या. अनयनं आडवळण घेतलं नाही. चूक माझी आहे काकू, म्हणाला, आणि तो फोटो त्यांच्यासमोर धरला. उर्वी वर बघत होती. ओठ किंचित उघडे. आणि डोळ्यांवरून आरपार काळा पट्टा.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. पट्टे पुसता येतील का, त्यांनी विचारलं. अनय म्हणाला, फिके करता येतील, पण डोळे काही परत यायचे नाहीत.

"असू दे. आत मीच बसले होते, कॅमेऱ्याला काय बोल लावू?" त्या म्हणाल्या. दारापाशी जाऊन वळल्या. "यांच्या कॅमेऱ्यात असेल का एखादा?"

"बघतो, काकू," अनय म्हणाला.

त्या गेल्यावर अनयनं आधी हैदराबादला फोन लावला. कॅमेरा परत पाठवतोय, लेन्स द्यायच्या नाहीत, असं दोन वाक्यांत सांगून फोन ठेवला.

"तुमचं खरं होतं, दादा."

भागवतला हवं होतं ते सगळं त्याच्या पदरात पडलं होतं.

"कॅमेऱ्याचा काय दोष रे त्यात? बटन राहून गेलं. हुतंय तसं कवा कवा," तो म्हणाला. एवढं बोलल्यावर त्याला थोडं हलकं वाटलं. आपण निदान खोटं तरी बोललो नाही, असं वाटलं.

"जे राहून गेल्यावर एखाद्या आईला हवा तो फोटो जातो, ते आपल्याला नको," अनय म्हणाला आणि भागवतचं कार्ड त्यानं लॅपटॉपला लावलं.

एकेक फोटो पुढं सरकू लागला. मामांचे भरून आलेले डोळे, पापणीचा केस न् केस दिसावा असे. अक्षता घट्ट धरलेल्या मुठी. मुंडावळ्यांशी खेळणारं कडेवरचं पोर. अनय प्रत्येक फोटोत नवरदेवाच्या खांद्यापलीकडं नवरी शोधत होता. कुठं पदर दिसला तर मोठा करून बघत होता. भागवत खिडकीतून बाहेर पंगत बघत होता. लॅपटॉपवरचं बोट थांबलं, हे त्याला न बघताच कळलं.

पडद्यावर अनय होता, पाठमोरा. वर केलेले दोन हात, हातांत छोटा कॅमेरा. कॅमेऱ्याच्या पाठीवर फोकस इतका पक्का बसला होता की तिथल्या बटणांची चिन्हंही वाचता येत होती. त्या एवढ्याशा चौकटीत नवरी होती, आणि पट्टे. बाजूला, दोन्ही टोकं धरलेला अंतरपाट अजून वर होता.

हा फोटो आपण घेतला, हे भागवतला आत्ता कळत होतं. डोळ्यानं धरलं की बोटानं दाबायचं, इतक्या वर्षांत बोट काही त्याला विचारायला येत नव्हतं.

अनयनं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. बाहेर कुणीतरी जिलेबी, जिलेबी म्हणत ओळीतून फिरत होतं. भागवतला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला तर बरं होईल.

"लेन्स तेज आहे, दादा," अनय हळू आवाजात म्हणाला. "इतक्या लांबून पट्टेसुद्धा मोजता येतात."

भागवतनं तोंड उघडलं, पण दारात सौदामिनीबाई उभ्या होत्या. हातात दोन ताटं होती. जेवायला कुणी बोलावलंच नाही म्हणून त्या स्वतः घेऊन आल्या होत्या.

"सापडला का हो काही?"

अनयनं लॅपटॉप मिटला आणि उठून त्यांच्या हातातली ताटं घेतली.

"नाही काकू. दादांना तिथून दिसत नव्हतं."

बाईंनी भागवतकडं बघितलं. भागवतनं नाही म्हणून मान हलवली.